मोजलेली लहर

येवल्यास पैठणीच्या मागावर बसलेला विणकर जेव्हां पदरावर मोर काढतो, तेव्हां तो रेषा ओढीत नाहीं. तो मोजीत असतो. चित्रकाराला मोराची मान कुंचल्याच्या एका फटकाऱ्यांत वळवितां येते. मागावर ती सोय नाहीं. तेथें उभे दोरे सरळ आहेत आणि आडवे दोरेही सरळच आहेत. वळणारा असा एकही दोरा नाहीं. मानेचा बांक काढावयाचा तर या ओळींत हिरवा दोरा बारा उभ्या दोऱ्यांमधून न्यावयाचा, पुढच्या ओळींत एक दोरा डावीकडे सरकावयाचें, त्याच्या पुढच्या ओळींत दोन, असें करीत करीत पायऱ्यापायऱ्यांनीं वर चढावयाचें. भिंग लावून पाहिलें तर मोराच्या मानेच्या जागीं जिना दिसतो. चार हातांवरून पाहिलें तर मान दिसते, आणि ती इतकी डौलदार दिसते कीं तिच्यांत जिना आहे हें सांगूनही पटत नाहीं.

मोजलेल्या, एकमेकांपासून सुट्या अशा अंकांतून अखंड वाहणारें वळण उभें करणें ही युक्ति मनुष्याच्या हातीं फार पूर्वींपासून आहे. आज तिचें सर्वांत व्यापक रूप नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यांत सांपडतें. त्या तुकड्यास मायक्रोकंट्रोलर म्हणतात. रियाजासाठीं वाजणारा विजेचा तंबोरा, प्रयोगशाळेंत उपकरणांची पारख करण्यासाठीं लागणारी प्रमाण लहर, फार काय, खिशांतल्या फोनमधून ऐकूं येणारें आकाशवाणीवरील भाषण, या सर्वांत कोठें ना कोठें अंकांची लहर केली जात असते. येवल्याच्या मागापासून या तुकड्यापर्यंतची वाट लोक समजतात तितकी लांब नाहीं. मात्र त्या वाटेवर एक प्रश्न पुनःपुन्हां भेटतो: हा हिशेब कोणी केला, आणि तो कोणी जपून ठेवला?

प्रथम लहर म्हणजे काय हें पाहिलें पाहिजे. तंबोऱ्याची तार छेडली म्हणजे ती एका बाजूस जाते, परत येते, दुसऱ्या बाजूस जाते व पुन्हां परत येते. तिच्याबरोबर हवेचा दाब वाढतो व घटतो. तंबोऱ्यापुढें ध्वनिग्राहक ठेवला तर त्या हालचालीची प्रतिकृति विजेच्या दाबांत उमटते. हा दाब क्षणोक्षणीं बदलतो, पण बदलतांना उडी मारीत नाहीं. एका व्होल्टावरून दोन व्होल्टांवर जातांना मधल्या प्रत्येक मूल्यावरून तो जातो. अशा अखंड बदलणाऱ्या राशीला अॅनालॉग म्हणतात. याच्या उलट मायक्रोकंट्रोलरला दोनच गोष्टी कळतात: दाब आहे, किंवा दाब नाहीं. ज्याच्याजवळ होय आणि नाहीं यांपलीकडे शब्दच नाहीं त्याच्याकडून मींड कशी काढून घ्यावयाची?

याचें उत्तर आपल्या जुन्या वाण्याच्या तागडींत आहे. १९५६ च्या कायद्यानंतर मेट्रिक मापें रूढ झालीं. त्यापूर्वीं वाण्याजवळ शेर, अच्छेर, पावशेर, अदपाव आणि छटाक अशीं वजनें असत. प्रत्येक वजन आधींच्या वजनाच्या निम्में. छटाकाला एक मानलें तर हीं वजनें १, २, ४, ८ व १६ अशीं होतात. यांतलें प्रत्येक वजन पारड्यांत एक तर आहे किंवा नाहीं. तिसरी गोष्ट नाहीं. तरीही या पांचांच्या निरनिराळ्या जुळणीनें शून्यापासून एकतीस छटाकांपर्यंत कोणतेंही वजन करतां येतें. तेरा छटाक हवे असतील तर पावशेर, म्हणजे चार छटाक, अच्छेर, म्हणजे आठ छटाक, आणि एक सुटा छटाक पारड्यांत टाकला कीं काम झालें. होय आणि नाहीं या दोनच शब्दांतून बत्तीस पायऱ्यांचा जिना तयार झाला.

मायक्रोकंट्रोलरमधील डिजिटल-टु-अॅनालॉग कन्व्हर्टर नांवाचा भाग हेंच काम करतो; मात्र तेथें वजनांच्या जागीं विजेचे दाब असतात. दोनच मापांचे रोधक, एक दुसऱ्याच्या दुप्पट, शिडीसारखे जोडले म्हणजे वीज प्रत्येक पायरीवर निम्मी निम्मी होत जाते. शेराचा अच्छेर, अच्छेराचा पावशेर व्हावा तसें. आठ वजनांची शिडी केली तर २५६ पायऱ्या मिळतात, दहांची केली तर १०२४, आणि बारांची केली तर ४०९६. पांच व्होल्टांचा दाब २५६ पायऱ्यांत वांटला तर एक पायरी सुमारें एक एक्कावन्नांश व्होल्टाची होते. आजकालच्या पुष्कळ तुकड्यांत ३.३ व्होल्टांचे ४०९६ भाग केलेले असतात. तेथें एक पायरी व्होल्टाच्या सहस्रांशाहूनही लहान पडते.

जिना मिळाला, पण कोणत्या क्षणीं कोणत्या पायरीवर उभें राहावयाचें हें कोण सांगणार? येथें यंत्राचा प्रश्न संपतो आणि गणिताचा सुरू होतो. कल्पना करावी कीं, एका वर्तुळाच्या कडेनें मुंगी सारख्या वेगानें चालली आहे आणि मध्यावरच्या आडव्या रेषेपासून तिची उंची क्षणोक्षणीं कोणी टिपून ठेवीत आहे. आरंभीं ही उंची झपाट्यानें वाढते, माथ्याजवळ वाढ मंदावते, माथा ओलांडला कीं ती उतरूं लागते, आणि मग रेषेखालीं तसाच प्रवास होतो. या उंचीला आपले ज्योतिषी ज्या म्हणत. त्या उंच्या क्रमानें मांडल्या कीं जी लहर होते तीच सर्व लहरींत अत्यंत साधी व शुद्ध होय. मायक्रोकंट्रोलरच्या स्मृतींत जें कोष्टक भरून ठेवतात तें या ज्यांचेंच.

हें कोष्टक नवें नाहीं. इ. स. ४९९ मध्यें आर्यभटानें तें एका श्लोकांत बांधलें. वर्तुळाचा चौथा भाग घेऊन त्याचे त्यानें चोवीस सारखे तुकडे केले आणि त्रिज्या ३४३८ धरली. त्याची खरी चतुराई अशी कीं, त्यानें उंच्या दिल्या नाहींत, चढ दिले: २२५, २२४, २२२, २१९ असे उतरत जाणारे चोवीस अंक, आणि शेवटचा अवघा ७. पहिला अंक ही पहिली ज्या, पहिले दोन मिळून ४४९ ही दुसरी, तिन्ही मिळून ६७१ ही तिसरी, आणि चोविसांची बेरीज बरोबर ३४३८. माथ्याजवळ चढ कसा विरत जातो हें नुसत्या अंकांवरून बोटानें दाखवितां येतें. पूर्ण फेऱ्याला मात्र चारपट कोष्टक लागत नाहीं. चढतांना जे अंक, तेच उलट क्रमानें उतरतांना. आणि वर जे, तेच रेषेखालीं. पैठणीवर समोरासमोर मोरांची जोडी असली तर एका मोराचा हिशेब उलटा केला कीं दुसरा मोर होतो, तसेंच हें आहे.

आर्यभटाचे हे अंक आजच्या तुकड्यांत जसेच्या तसे उतरवितां येतात. आठ वजनांच्या शिडीला शून्याखालीं जातां येत नाहीं, म्हणून मधली रेषा १२८ वर धरावयाची आणि ३४३८ च्या जागीं १२७ मानावयाचे. मग पायऱ्या येतात त्या १२८, १३६, १४५, १५३ अशा, थेट २५५ पर्यंत. एका फेऱ्यांत अशीं ९६ स्थानें होतात. सेकंदाला २४० फेरे झाले तर एक षड्ज ऐकूं येईल. त्यासाठीं तुकड्याला सेकंदांत २३,०४० वेळां पायरी बदलावी लागेल. तेवढ्याच वेगानें चालत राहून एक सोडून एक स्थान घेतलें तर फेरे दुप्पट होतात आणि तार षड्ज लागतो. सप्तक बदलण्यासाठीं तार आवळावी लागत नाहीं. कोष्टकांतलें पाऊल लांब टाकलें कीं पुरे.

आर्यभटानंतर साडेसहाशें वर्षांनीं, इ. स. ११५० मध्यें, भास्कराचार्यांनीं सिद्धान्तशिरोमणि पुरा केला. त्यांतल्या ज्योत्पत्तीच्या प्रकरणांत त्यांनीं आणखी एक पाऊल पुढें टाकलें. कोष्टक पाठ करण्याचें कारण नाहीं. एका ज्येवरून पुढची ज्या काढण्याची रीत त्यांनीं सांगितली. हातांतल्या ज्येंतून तिचा ४६७ वा भाग वजा करावा, तिच्या जोडीची जी कोटिज्या तिला १०० नीं गुणून १५२९ नीं भागावें, आणि दोहोंची बेरीज करावी. ती पुढची ज्या. आरंभीं ज्या शून्य व कोटिज्या ३४३८ धरली तर या रीतीनें पहिली ज्या २२४.८५ येते व दुसरी ४४८.७४, म्हणजे आर्यभटाच्या २२५ व ४४९ यांच्या अगदीं लगत. एकेका अंशाच्या ज्या हव्या असतील तर ४६७ च्या जागीं ६५६९ घ्यावेत आणि १०० व १५२९ यांच्या जागीं १० व ५७३. आज स्मृति वांचविण्यासाठीं कोष्टक न ठेवतां गुणाकार व बेरजेनें लहर पुढें पुढें वाढवीत नेण्याची जी पद्धति तुकड्यांत वापरतात, तिचा गाभा हाच. फरक इतकाच कीं भास्कराचार्यांना या ज्या ग्रहांचीं स्थानें काढण्यासाठीं हव्या होत्या आणि आजच्या कारागिराला त्या स्वरासाठीं हव्या असतात.

ही विद्या टिकली कशी, याचा पुरावा येवल्यापासून फार दूर नाहीं. मनमाडहून रेल्वेनें नांदगांव ओलांडून चाळीसगांवास उतरावें. तेथून थोड्या कोसांवर डोंगराच्या कुशींत पाटण हें ठिकाण आहे, आणि पाटणादेवीच्या नांवानें तें सर्वांना माहीत आहे. तेथला शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं एकोणिसाव्या शतकांत प्रकाशांत आणला. भास्कराचार्यांचा नातू चंगदेव यानें आजोबांच्या व घराण्यांतल्या इतर पंडितांच्या ग्रंथांचें अध्ययन व्हावें म्हणून तेथें मठ स्थापिला, आणि यादवांचे मांडलिक असलेल्या निकुंभ राजांनीं इ. स. १२०७ च्या सुमारास त्या मठाला दान दिलें, असें त्यांत कोरलें आहे. लेखाचा बराच भाग संस्कृत आहे. पण शेवटीं, जेथें दानाच्या उत्पन्नाची तजवीज लिहिली आहे, तेथें भाषा मराठी होते. पेठेंत विकावयास येणाऱ्या मालावर राजाकडे जाणारी पट्टी मठाला द्यावी, तेलाच्या घाण्यांनीं तेल द्यावें, असा तो व्यवहार. ज्येचें कोष्टक पुढच्या पिढीला मिळावें म्हणून गिऱ्हाइकानें व तेल्यानें आपला वांटा दिला. गणिताच्या इतिहासांत पंडितांचीं नांवें राहतात. पण पंडितांच्या पाठीशीं ही पेठ उभी होती हें विसरतां येत नाहीं.

अंक ग्रंथांत राहिले तरी ते वाचून हात चालविणारा मनुष्य लागतोच. अंकांनींच परस्पर हात चालवावा, ही कल्पना प्रथम रेशमाच्या मागावर सिद्ध झाली. फ्रान्समधील लियों हें रेशमाचें मोठें शहर. तेथें बूशों यानें १७२५ मध्यें छिद्रें पाडलेली कागदाची पट्टी मागाला जोडली, फाल्कों यानें तीन वर्षांनीं पट्टीऐवजीं पुठ्ठ्याचे तुकडे वापरले, व्होकांसों यानें १७४५ मध्यें आणखी सुधारणा केली, आणि जोसेफ जॅकार्ड यानें १८०४ च्या सुमारास या सर्व प्रयत्नांना कामाचें रूप दिलें. पुठ्ठ्याला छिद्र असलें कीं त्या जागचा दोरा उचलला जातो, नसलें कीं तो खालींच राहतो. होय आणि नाहीं, एवढीच भाषा. १८३९ मध्यें जॅकार्डचें रेशमांत विणलेलें एक चित्र तयार झालें. त्यासाठीं चोवीस हजार पुठ्ठे लागले. इंग्लंडांत गणनयंत्राची जुळवाजुळव करणाऱ्या चार्लस बॅबेजनें तें चित्र आपल्या घरीं टांगलें होतें, आणि पाहुण्यांना तें कोरीव ठशाचें चित्र वाटे. ज्या मनुष्याला यंत्राकडून अंक मोजून घ्यावयाचे होते त्याला आपल्या कामाची गुरुकिल्ली मागावर सांपडली, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

मागाला घाई नसते, स्वराला असते. म्हणून अंकांतून आवाज काढण्यास विसावें शतक उजाडावें लागलें. आवाजाचें माप सेकंदाला किती वेळां घ्यावें, हा पहिला प्रश्न. हॅरी नायक्विस्ट यानें १९२८ मध्यें याची दिशा दाखविली आणि क्लॉड शॅनन यानें १९४९ मध्यें त्याचा सिद्धान्त नीट मांडला: आवाजांत जें सर्वांत जलद कंपन असेल त्याच्या दुपटीहून अधिक वेळां माप घ्यावें म्हणजे आवाज पुरता हातीं येतो. या दोहोंच्या मधल्या काळांत, १९३७ मध्यें, अॅलेक रीव्ह्ज या इंग्रज कारागिरानें पॅरिस येथें काम करीत असतां बोललेला शब्द अंकांत बदलून तारेनें पाठविण्याची व पलीकडे पुन्हां त्याचा आवाज करण्याची योजना केली. पुढें टेलिफोनांत हीच योजना रूढ झाली: सेकंदाला आठ हजार मापें, प्रत्येक माप आठ वजनांचें, म्हणजे सेकंदाला चौसष्ट हजार होय-नाहीं.

१९५७ मध्यें बेलच्या शाळेंतील मॅक्स मॅथ्यूज यानें गणनयंत्राकडून अंकांच्या द्वारें संगीत काढून घेतलें. तें वाजलें अवघें सतरा सेकंद. यंत्र न्यूयॉर्कमध्यें, तर अंकांचे दाब करणारें उपकरण त्याच्या स्वतःच्या शाळेंत. म्हणून अंक चुंबकीय फितीवर भरावयाचे, फीत मोटारींतून शाळेंत आणावयाची, आणि मग ऐकावयाचें, असा तो खटाटोप होता. त्याच सुमारास मुंबईंतही अंकांच्या आकृति होऊं लागल्या होत्या. टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालीं येथल्याच मंडळींनीं बांधलेलें गणनयंत्र १९६० मध्यें पूर्ण झालें. त्यांत सुमारें २,७०० निर्वात नळ्या होत्या. १९६२ मध्यें पंडित नेहरूंनीं त्याला टिफ्रॅक हें नांव दिलें. या यंत्राला किरणनळीचा पडदा जोडलेला होता आणि त्यावर अक्षरें व आलेखांच्या वक्ररेषा उमटत. पडद्यावरचा ठिपका विजेच्या दाबानें सरकतो. तेव्हां अंकांचा दाब केल्याशिवाय तेथें वक्ररेषा उमटणें शक्य नव्हतें. मुंबईच्या या यंत्रानें जी रेषा काढली ती येवल्याच्या मोरासारखीच मोजलेली होती.

त्यानंतरची हकीकत आकार लहान होत जाण्याची आहे. १९७४ मध्यें टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स कंपनीनें गणना, स्मृति व बाहेरच्या जगाशीं संबंध ठेवण्याचीं साधनें एकाच तुकड्यावर बसवून तो बाजारांत आणला. १९८० मध्यें इंटेल कंपनीचा ८०५१ हा तुकडा आला आणि तो आपल्याकडील अभियांत्रिकी महाविद्यालयांतून पिढ्यान् पिढ्या शिकविला गेला. आरंभीं दाबांची शिडी बाहेरून जोडावी लागे. पुढें ती पुष्कळ तुकड्यांच्या आंतच बसूं लागली. १९८२ मध्यें तबकडीवर संगीत अंकरूपानें विकावयास आलें. तेथें सेकंदाला ४४,१०० मापें आणि प्रत्येक मापाला सोळा वजनें, म्हणजे ६५,५३६ पायऱ्या. ज्या कामाला एके काळीं दालनभर यंत्र लागे तें आज विद्यार्थ्याच्या टेबलावर एका बोटाच्या जागेंत होतें.

आतां एक शंका राहते. कितीही बारीक केल्या तरी पायऱ्या त्या पायऱ्याच. कानाला त्या खुपत नाहींत काय? खुपतात, कन्व्हर्टरमधून निघालेली लहर तशीच ऐकविली तर मूळ स्वराबरोबर पायऱ्यांचा एक बारीक, तीव्र कोलाहल निघतो. म्हणून शेवटीं एक रोधक व एक संधारक यांची साधी चाळणी जोडतात. संधारक हा विजेचा रांजण. पाणी धक्क्याधक्क्यानें ओतलें तरी रांजणांतली पातळी एकाएकीं उडी घेत नाहीं. त्यामुळें पायऱ्यांचे कोपरे मोडतात आणि लहर वाहूं लागते. येवल्याची उपमा या ठिकाणीं थांबते. मोराच्या मानेंतला जिना शेवटपर्यंत जिनाच असतो. आपली दृष्टि आणि अंतर तो झांकतात. स्वराचें तसें नाहीं. मापें पुरेशीं घेतलीं असतील आणि चाळणी नीट असेल तर मधली वळणें खरोखरच परत मिळतात. उणें राहतें तें एवढेंच कीं, प्रत्येक माप जवळच्या पायरीवर नेऊन बसवितांना थोडी चूक होते. २५६ पायऱ्यांत ती खरखरीसारखी ऐकूं येते, ६५,५३६ पायऱ्यांत ती जवळजवळ नाहींशी होते.

हा सारा इतिहास पाहिल्यावर येवल्याकडे पुन्हां वळलें पाहिजे, कारण तेथें हिशेबाची गोष्ट अजून पुरी झालेली नाहीं. येवला वसविणारे रघोजी नाईक यांनीं सतराव्या शतकांत पैठण व इतर ठिकाणांहून विणकर आणून वसविले, अशी तेथली परंपरा आहे. तेव्हांपासून मोर, मुनिया, आसावलीची वेल, नारळी काठ यांचे हिशेब त्या घराघरांतून चालत आले. बाप मागावर, मुलगा शेजारीं, आणि घरांतल्या बायकांच्या हातीं रेशमाच्या कांड्या. या बैठकींत ते शिकविले गेले. किती दोऱ्यांवर चोंच सुरू होते, कोणत्या ओळीला पंख उघडतो, वेलीचें पान कोठें वळतें, हें सारें बोटांत. एका अस्सल पैठणीला महिना लागतो, पदर भारी असला तर वर्षही लागतें. आणि त्या सर्व काळांत विणकर एक असें कोष्टक वाचीत असतो कीं जें कोणत्याही पोथींत नाहीं.

आज येवल्याच्या हातमागावरही जॅकार्डचे पुठ्ठे दिसतात, आणि नक्षीचा आराखडा गणनयंत्राच्या पडद्यावर चौकोन भरून तयार होतो. त्यांत वाईट कांहीं नाहीं. काम हलकें होतें आणि वस्त्र सामान्य घराच्या आवांक्यांत येतें. जाणकार मात्र पदर उलटून पाहतो. हातानें कांडी कांडी गुंतवून विणलेल्या पदराची मागची बाजू पुढच्यासारखीच नेटकी असते. पुठ्ठ्याच्या नक्षींत मागें दोरे सुटे लोंबतात. पैठणीला भौगोलिक मानांकनाचें संरक्षण मिळालें आहे, तरीही यंत्रमागावर झरझर काढलेलीं अनुकरणें त्याच नांवानें विकलीं जातात. तीं विकणाऱ्यानें मोराची आकृति उचलली. तो मोर दोऱ्यादोऱ्यानें प्रथम ज्यानें मोजला त्याचें नांव उचललें नाहीं, आणि त्याला त्याबद्दल दामही दिला नाहीं.

पाटणचा शिलालेख आणि येवल्याचा माग यांत पंडित व कारागीर असा भेद नाहीं, दोघेही मोजणारेच. भेद इतकाच कीं, एकाचा हिशेब लिहिला गेला आणि त्याच्या निर्वाहाला पेठेनें आपली पट्टी दिली. म्हणून साडेआठशें वर्षांनीं तो सिलिकॉनच्या तुकड्यांत चालतो आहे. दुसऱ्याचा हिशेब बोटांत राहिला, आणि बोटें थांबलीं कीं तो थांबतो. जो तुकडा एका कोष्टकाची लहर करतो त्याला दुसरें कोष्टक जपणें कांहीं जड नाहीं. येवल्याच्या जुन्या नक्ष्या ओळीओळीनें, दोऱ्यादोऱ्यानें टिपून ठेवाव्यात, त्यांवर विणकराच्या घराण्याचें नांव घालावें, आणि त्या नक्षीवर पुढें जो कोणी पैसा मिळवील त्यानें मूळ मोजणाऱ्याचा वांटा द्यावा. पाटणच्या पेठेनें इ. स. १२०७ मध्यें जें केलें त्याहून हें अधिक मागणें नाहीं. लहर पायऱ्यांतून उभी राहते हें शास्त्रानें सिद्ध केलें आहे. त्या पायऱ्या कोणी घातल्या हें लिहून ठेवणें मात्र शास्त्राचें काम नव्हे, तें समाजाचें आहे.